जयूचा साखरपुडा आणि खिडकीतली अँटिना

आमच्या जयूचं लग्न लांबलं, त्याचं खापर लोक तिच्या शिक्षणावर फोडतात, काही जण पत्रिकेवर. मी तिची सख्खी आत्या, तिला लहानाची मोठी मी केली, तेव्हा खरं कारण मला विचारा. कारण आहे इंटरनेट.

जयू टावर चौकाजवळच्या मधुकररावांच्या एक्स-रे आणि सीटी सेंटरचं नेटवर्क सांभाळते. इथे काढलेले फोटो इंदूरचे डॉक्टर बघतात आणि तिथूनच रिपोर्ट पाठवतात, म्हणजे इंटरनेट गेलं की सेंटर ठप्प. त्यात सिंहस्थाची तयारी. आज धड असलेला रस्ता उद्या उकरलेला सापडेल. खुदाईत फायबर तुटली की मधुकररावांचा फोन येणार, आणि फोन आला की जयू स्कूटीवर. पहिला मुलगा बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी त्याच्या हातात देऊन ती जी गेली, ती पाहुणे परतल्यावरच उगवली. दुसऱ्याच्या वेळी तर बशीसुद्धा त्याच्यापर्यंत पोचली नाही. बाईसाहेब ती हातात घेऊनच निघून गेल्या! मी इतकी चिडले होते की तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. अर्थात अबोला मलाच जड गेला.

तिसरा विनायक. शाळेत गणित शिकवतो, घाई म्हणजे काय ते त्या माणसाला माहीत नाही. जयू फोन घेऊन उठली तसा तो म्हणाला, "मी सोडू का तुम्हाला? माझी गाडी बाहेरच आहे." आणि तिचं काम होईपर्यंत सेंटरच्या बाकावर पेशंटांमध्ये बसून राहिला. चाळिशी ओलांडलेल्या त्या दोघांचं तिथेच जमलं. साखरपुडा दसऱ्याचा ठरवला, म्हणजे मुहूर्त शोधायला नको.

मी जयूला बजावलं, "त्या दिवशी पाटावरून उठलीस तर माझ्याशी गाठ आहे."

तिनेही मनावर घेतलं. मधुकररावांच्या मागे लागून नवा राउटर आणवला, ज्याच्या सगळ्या सेटिंग घरबसल्या मोबाइलवरून बदलता येतात. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं. फायबर गेली की राउटरने आपणहून सिमवर जायचं आणि फायबर आली की परत यायचं. सिमवर असताना फक्त फोटो आणि रिपोर्ट जातील, बाहेर बसून रील बघणाऱ्यांचं फुकटचं वायफाय बंद, हेही तिने ठरवून टाकलं. आतल्या खोलीत सिग्नल धड मिळेना, म्हणून तळहाताएवढी अँटिना वायरने खिडकीपर्यंत नेली. मग सगळ्या स्टाफसमोर फायबरची केबल उपटली. मधुकररावांनी डोळे मिटून "जय महाकाल" म्हटलं. डोळे उघडेपर्यंत राउटर सिमवर गेला होता आणि रिपोर्ट यायला लागले होते. मधुकररावांनी खुशीत सगळ्यांना कचोऱ्या खिलवल्या.

दसऱ्याला नानाखेड्याच्या आमच्या घरात माणसं मावेनात. जयू मोरपंखी साडी नेसून पाटावर बसली होती. इतकी छान दिसत होती की मीच तिची दृष्ट काढली. मांडीवर मात्र तो मेला फोन होताच. विनायकची आई साखरेचा पुडा घेऊन पुढे आली आणि फोन थरथरला.

जयूने स्पीकर लावला. मधुकरराव ओरडत होते. "जयू, फायबर कटली! आणि तुझं ते सिमवालं पण चालत नाहीये. ॲक्सिडेंटची केस आली आहे गं, इंदूरवाले डॉक्टर थांबलेत!"

जयू अर्धी उठली. विनायकने गुपचूप खिशातून गाडीची किल्ली काढली. माणसाच्या जिवाचा प्रश्न, मी तरी कुठल्या तोंडाने अडवणार? मला नुसतं रडू कोसळायचं बाकी होतं.

पण ती तशीच थांबली आणि मोबाइलवर आधीपासून साठलेली राउटरची माहिती चाळायला लागली. सिमचा सिग्नल काल दुपारपर्यंत उत्तम होता, मग एकदम गडप. काल खंडेनवमी होती.

"काका, काल यंत्रांची पूजा केलीत?"

"म्हणजे काय! दरसाल करतो. तुझ्या राउटरला पण झेंडूचा हार घातला."

"आणि अँटिना?"

"तिला पण हळदकुंकू लावलं. खिडकीत पडली होती बिचारी, एखादं माकड घेऊन गेलं असतं. म्हणून पूजा झाल्यावर शेजारच्या अलमारीत ठेवली. एकदम सेफ आहे, तू टेन्शन घेऊ नको."

"काका, ती अलमारी लोखंडी आहे! आत सिग्नल कसा येणार? आधी बाहेर काढा आणि खिडकीत ठेवा."

कपाटाचं दार करकरल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मग मधुकररावांची आरोळी आली, "आला, आला! फोटो चालले गं इंदूरला!" घरात अशा टाळ्या पडल्या की शेजारी डोकावून गेले.

मला वाटलं, सुटलो. पण जयूचा चेहरा मी ओळखते. "आत्या," ती हळूच म्हणाली, "एकदा नुसती बघून येऊ का?"

गाडीची किल्ली अजून विनायकच्या हातातच होती, आणि त्याची आई पुडा धरून तशीच उभी होती. जयूने त्या दोघांकडे पाहिलं, नीट मांडी घालून बसली आणि फोन माझ्या हातात दिला.

"हा तू सांभाळ. आता सगळं बंद पडलं तरी मला सांगू नकोस."

साखरेचा पुडा ओटीत पडला. विनायक अंगठी घालत होता, तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. मी बाजूला जाऊन उचलला.

"रिपोर्ट आला, आत्याबाई! पेशंटच्या डोक्याला आत काही लागलेलं नाही. जयूला द्या ना जरा, शाबासकी द्यायची आहे."

इतकी वर्षं तिच्याबद्दल जे ऐकून माझे कान किटले होते, ते वाक्य माझ्याच तोंडून निघालं आणि डोळे भरून आले.

"आत्ता मिळायची नाही, मधुकरराव. जयू कामात आहे."