शिकलगार सरांचं ‘उघडच आहे’

हुसेन शिकलगार सरांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून दूध देतात, तरी सर आधी चरवी उपडी करून दाखवायला लावत. “सर, रोज येताय, रोज बघताय, कधी गावलं का पाणी?” असं गवळी ओरडला की भोवतालचे हसत. सर मात्र वाकून खरोखरच बघत.

कॉलेजात ते गणित शिकवत आणि तिथं हा स्वभाव शोभून दिसे. पोरांच्या पेपरात ‘हे उघडच आहे’ असं आलं की तांबड्या शाईनं ‘कशावरून?’ लिहून ते मार्क कापत. भल्याभल्यांनी मांडलेल्या नियमाला एखादं उलटं उदाहरण शोधून तो जमीनदोस्त करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

त्र्याहत्तर साली त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध होत आला होता. वय पन्नाशीकडं झुकलेलं. हा प्रबंध बुडाला असता तर दुसरा लिहायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. म्हणून कागद स्टाफरूममधल्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात! एका सकाळी कपाट वीतभर सरकलेलं दिसलं आणि सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सयाजी चौगुलेला विचारलं, “माझे कागद कुणी वाचले?”

हा सयाजी कोडोलीचा, एम.एस्सी.पासून एका बाकावरचा, विषयही तोच. त्याचा चेहरा उतरला. पुढं कळलं, भिंतीला चुना द्यायला गड्यांनी कपाट ओढलं होतं. सरांनी माफी मागायला हवी होती. पण त्यांना आता त्या गड्यांचाही संशय येऊ लागला होता!

मग विभागात सरांचं व्याख्यान झालं. प्रबंधाचा विषय होता आच्छादनं. एका आकारावर दुसरा आकार थराथरानं पसरलेला असतो. त्या थरांची आपापसात मनासारखी अदलाबदल करता आली, तर ते आच्छादन रेग्युलर. “आता या रेग्युलर आच्छादनावर आणखी एक रेग्युलर आच्छादन घाला,” सर म्हणाले, “दोन्ही मिळूनही रेग्युलरच, हे उघडच आहे.” सयाजी अर्धवट उठला, थांबला आणि पुन्हा बसला. सरांनी ते टिपलं. जळतोय लेकाचा, त्यांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात बी.एस्सी.चा नेहमीचा तास होता. सरांनी खिशातला चौकोनी रुमाल काढला. त्याच्या जागेत तो बसेल अशा फिरवण्या-उलटवण्या आठ. त्यातला चौघांचा एक गट: जसाच्या तसा ठेवणं, अर्धा फेरा देणं आणि दोन कर्णांवर उलटवणं. त्या चौघांतली एक जोडी: जसाच्या तसा ठेवणं आणि एकाच कर्णावर उलटवणं. जोडी चौघांत नॉर्मल, चौघे आठांत नॉर्मल. नॉर्मल म्हणजे आधी कुठलीही हालचाल करा, मग गटातली करा, मग पहिली उलटी करा. उत्तर गटातच राहायला हवं.

“पण रुमाल पाव फेरा फिरवा, त्या कर्णावर उलटवा आणि पाव फेरा उलट्या दिशेनं फिरवा,” सर दरवर्षीसारखं सांगू लागले, “दुसऱ्याच कर्णावर उलटला! म्हणजे नॉर्मलमधलं नॉर्मल हे आठांत नॉर्मल असेलच असं…”

त्यांचा खडू थांबला. प्रत्येक आच्छादनामागं असाच एक गट असतो आणि आच्छादन रेग्युलर असतं ते नेमका तो गट नॉर्मल असला तरच. आच्छादनावर आच्छादन म्हणजे हीच जोडी, हेच चौघे, हेच आठ. दुनियेला ‘कशावरून?’ विचारणाऱ्या माणसानं स्वतःच्या ‘उघडच आहे’ला तो प्रश्न एकदाही विचारला नव्हता. प्रबंधाचं चौथं प्रकरण तर सगळं त्यावरच उभं होतं.

तास तसाच सोडून ते स्टाफरूममध्ये आले. सयाजी एकटाच बसला होता.

“तुला त्या दिवशीच ठाऊक हुतं?”

“व्हय.”

“मग अर्धा उठून परत का बसलास?”

“बोललो असतो, तर म्हणाला असतास, कपाटातनं वाचलं.”

हुसेन सरांनी गळ्यातली किल्ली काढली. त्यांनी कपाट उघडलं आणि प्रबंधाचा गठ्ठा काढून सयाजीच्या पुढ्यात ठेवला. “सगळा वाच. आणि कुठं कुठं चुकलंय ते सांग मला.”

सयाजीनं लगेच हात लावला नाही. “वाचतो की. चौथ्या प्रकरणात एक अट वाढवलीस तर थोडं टिकंल बी. मी सुदिक त्याच अंगानं कायतरी लिवतोय, तवा…”

“कशावर?” सर पटकन म्हणाले. “कधीपास्नं लिवतोयस?”

सयाजीनं गठ्ठा उचलला, कडा नीट जुळवल्या आणि सरांच्या हातात परत दिला. “घंटा झाली. माझा तास हाय,” एवढंच म्हणून तो गेला.

हुसेन सर गठ्ठा छातीशी धरून उभे राहिले आणि त्यांना रडू आलं.