चिमणीला भज्यांचा वास

बॉयलरवाल्यांचे किस्से काजळीसारखे साचतात. कितीही खरडा, खाली आणखी निघतात!

चिकलठाण्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात मी बॉयलर चालवतो. विदेशी गिऱ्हाइकानं शेठना अट घातली, डिझेल नको, हिरवं इंधन जाळा. शेठनी हॉटेलांचं वापरलेलं तळणाचं तेल आणलं. "अण्णा, आता प्रदूषण नाय!" बर्नर पेटवला. चिमणीतून काळाकुट्ट धूर. शेठ म्हणाले, "रंगावर जाऊ नका!"

*

एकदा बर्नर विझला. माझा जोडीदार दादाराव फिल्टर उघडून बघतो तर आत अख्खी तळलेली मिरची!

"फेक," मी म्हणालो.

"मीठ लावल्याली हाय की, अण्णा!"

*

श्रावणात मासे तळलेलं तेल आलं. शेजारच्या नव्या सोसायटीचे सेक्रेटरी तणतणत गेटवर.

"इथं लोकांचे उपवास, अन् तुमची चिमणी सुरमई तळतीय!"

शेठ म्हणाले, "धूर कमी करतो, साहेब."

"धुराचं कोण बोलतंय? काळा असू द्या, पण शाकाहारी सोडा!"

*

बर्नरला ज्योत बघणारा एक डोळा असतो. त्याला ज्योत दिसली नाही की तेल बंद होतं. दसऱ्याला दादारावानं तो काढून हत्यारांसोबत पूजेत मांडला, हळद-कुंकू थापलं आणि तसाच परत बसवला. बर्नर पेटायचा, विझायचा. शेवटी डोळा काढून बघितला, तर पार कुंकवानं माखलेला.

"पूस," मी म्हणालो.

"सणाचं कुंकू पुसायला सांगता?"

*

थंडीत हे तेल दह्यासारखं घट्ट होतं. तापवल्याशिवाय फवारा उडत नाही. टाकीचा हीटर जळाला, म्हणून शेठकडं नवा मागितला. शेठनी गोधडी पाठवली!

*

मग दुसऱ्यांदा तपासणी आली. हिरव्या इंधनाचं प्रमाणपत्र नाही तर ऑर्डर नाही. ऑर्डर नाही तर बॉयलर बंद आणि आम्ही घरी. धूर तर काळाच. शेठनी सकाळीच टाकीत गुपचूप डिझेल भरायला लावलं.

तपासणीचे साहेब आले. चिमणीत नळी घातली, आकडे बघितले. सगळं उत्तम. मग त्यांनी नाक वर केलं.

"मागच्या वेळी भज्यांचा वास येत होता. आज कुठंय?"

शेठना थंडीत घाम फुटला. "येतोय साहेब! तेल तापायला वेळ लागतो." आणि मला हळूच म्हणाले, "अण्णा, रशीदभाईला सांगा!"

कँटीनच्या रशीदभाईनं बॉयलरच्या मागं कढई चढवली. "अण्णा, कांदा डालूँ के आलू?"

"वास येईल ते टाका!"

थोड्याच वेळात खमंग वास दरवळला. साहेबांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "हां, आता आला!" सही केली, शिक्का मारला, कागद शेठच्या हातात दिला.

शेठ हात जोडून उभे. साहेब गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले,

"इंधन गरम आहे तोवर एक प्लेट बांधून द्या. मिरची वेगळी."