वेल्ह्यात डोळे बांधून

तेव्हा भोरच्या एसटी स्टँडजवळ माझं टेलिफोनचं बूथ होतं. लहानपणी गोवराच्या तापात माझी नजर गेली. पुण्याच्या अंधशाळेत शिकून परत आलो आणि सरकारी योजनेतून ते बूथ मिळालं. मोबाईल अजून डोंगरात पोचले नव्हते, त्यामुळे गिऱ्हाइकांची कमी नव्हती.

एक दिवस पुण्याच्या एका संस्थेच्या बाई बूथवर आल्या. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या सरपंच-सदस्यांसाठी त्या शिबिरं घेत होत्या. अपंगांसाठी कायदा झाला होता, पण त्यात ग्रामपंचायतीनं काय करायचं हे फारसं कुणाला माहीत नव्हतं.

"तुम्ही वेल्ह्याला या आणि आपल्या अनुभवाचं बोला," बाई म्हणाल्या. "मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं त्यांना पटेल."

अम्मीला हे पसंत नव्हतं. पुढाऱ्यांसमोर उभं राहून आपलं दुखणं कशाला उघडं करायचं, असं तिचं म्हणणं. मी बूथवर भावाला बसवलं, नसरापूरला गाडी बदलली आणि वेल्ह्याला उतरलो. गाव माझ्या ओळखीचं नव्हतं. भाताची लावणी उरकली होती आणि पाऊस नुसता भुरभुरत होता.

सभागृहात ओल्या छत्र्यांचा आणि चहाचा वास होता. मला पहिल्या रांगेत, पासली गावच्या एका सदस्य ताईंच्या शेजारी बसवलं. बाईंनी माझी ओळख करून दिली, कायद्याचं सांगायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात मागून एक जाड, सवयीनं मोठा झालेला आवाज आला.

"बाई, आंधळ्या-पांगळ्यांना आमी उपाशी ठेवत न्हाई. सणावाराला बोलावून जेवू घालतो. आता आणखी काय शिकायचं राह्यलं?"

लोक हसले. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हे अण्णा. मोठ्या गावचे सरपंच हायेत. त्यांच्यापुढं कुणी बोलत न्हाई."

बाई गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "अण्णा, तुम्हीच पुढे या. डोळ्यांवर फडकं बांधायचं, जोडीदारानं हात धरायचा, बाजारपेठेपर्यंत जाऊन परत यायचं. मग बोलू."

हा खेळ ठरलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी नको म्हणालो असतो. फडकं बांधलेला माणूस आंधळा होत नाही, तो नुसता घाबरतो. आंधळं होऊन जगायला शिकावं लागतं आणि ते अर्ध्या तासात होत नाही.

"बांधा की," अण्णा म्हणाले. "आणि सगळ्यांच्या देखत सांगतो, हितं परत येऊन खुर्चीत बसंस्तवर फडकं सोडणार न्हाई."

"छान. यांचा हात कोण धरेल?"

"मी धरतो," एक तरुण आवाज म्हणाला.

चहाच्या कपांचा आवाज एकदम थांबला. ताई पुटपुटल्या, "देवा. हा त्यांच्याच पंचायतीतला, विरोधी गटाचा. वाडीच्या रस्त्यावरनं दोघांचं वाकडं हाय. एकमेकांशी बोलत न्हाईत."

मी उठून बाईंना हळूच सांगितलं. त्या खूश होऊन म्हणाल्या, "मग तर चांगलंच झालं. यातूनच विश्वास तयार होतो."

मी जागेवर येऊन बसलो. मी पाहुणा होतो, शिबिर त्यांचं होतं.

बाकीच्यांच्याही डोळ्यांवर फडकी आली आणि जोड्या बाहेर पडल्या. थोड्या वेळानं एकेक परत येऊ लागली. कुणी दाराला धडकलं, कुणी चिखलात चप्पल सोडून आलं. हसणं, टाळ्या. मी मात्र तो जाड आवाज शोधत होतो आणि तो येत नव्हता. मग तरुण सदस्याचा आवाज दारात आला आणि त्याच्यामागे दुसरं पाऊल नव्हतं.

"अण्णा कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"येतायत."

"तुम्ही त्यांना कुठे सोडलंत?"

"रस्त्यावर. फडकं सोडून येतील की. डोळं हायेत त्यांना."

दोघंतिघं हसले. मग एक खुर्ची जोरात मागे सरकली, अण्णांच्या गटातला कुणीतरी शिवी देत पुढे आला आणि त्याला दुसऱ्यांनी धरलं. बाई मध्ये उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी शिपायाला बाजाराकडे पाठवलं, पण स्वतः तिथून हलल्या नाहीत. हलल्या असत्या तर मारामारी झाली असती.

मला एकच दिसत होतं. सगळ्यांसमोर शब्द दिलेला तो माणूस फडकं सोडणार नाही. विरोधी गटाचा पोरगा आपल्याला सोडून गेला, हे कळल्यावर तर मुळीच नाही. ताईंना म्हणालो, "तुम्ही माझ्याबरोबर चला."

त्यांनी माझा दंड धरला नाही. स्वतःचा कोपर पुढे केला आणि मी तो धरला. हे त्यांना कुणी शिकवलं, ते विचारायची ती वेळ नव्हती.

बाहेर प्रवासी भरणाऱ्या वडापच्या जिपा हॉर्न देत होत्या. चहाच्या टपरीवर ताईंनी विचारलं. टपरीवाला म्हणाला, "डोळं बांधलेला मानूस ना? तकडं उताराला गेला. आमाला वाटलं, काय तरी नाटक चाललंय पंचायतीचं."

उतार. बाजार तर दुसऱ्या बाजूला, ताई म्हणाल्या. आम्ही झपाझप चाललो. जिपांचा आवाज मागे पडला आणि पुढून पाण्याचा आवाज येऊ लागला, दगडांवरून धावणाऱ्या ओढ्याचा. ताई थांबल्या. त्यांचा हात ताठ झाला.

"भाई, ओढ्यावरच्या मोरीवर हायेत. पार कडंला. एक पाय अर्धा भाईर हाय."

"कठडा?"

"न्हाई. मी पळत जाऊन धरते."

"नको. अचानक धरलंत तर दचकतील."

तेवढ्यात पलीकडच्या वळणावरून जीप येताना ऐकू आली. मोरीवर जीप आणि माणूस दोघं मावतील एवढी जागा नव्हती, असं ताई म्हणाल्या. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही जीप थांबवा. मी बोलतो त्यांच्याशी." त्या रस्त्याच्या मधून धावत गेल्या. मग मी तिथं एकटा होतो.

"अण्णा," मी साध्या आवाजात म्हणालो, "मी भोरचा. बूथवाला. हलू नका."

जोरजोरात घेतलेला श्वास ऐकू आला.

"फडकं सोडा."

"न्हाई."

"हितं कुणी बघत नाही."

"तुमी हाय की," ते म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना कळलंच नसावं.

जीप कर्कश थांबली. ड्रायव्हर ओरडायला लागला, ताई त्याच्यावर ओरडल्या. मी काठीनं चाचपत पुढे निघालो. थोडं गेलो आणि काठीचं टोक एकदम रिकाम्यात गेलं. खाली पाणी घोंघावत होतं. मी इतकी वर्षं आंधळा होतो, पण त्या मोरीवर मलाही अण्णांइतकंच कमी माहीत होतं. काठी मागे घेतली आणि जागेवर उभा राहिलो.

"अण्णा, आता खाली बसा. सावकाश. आहे तिथंच बसा आणि हातानं जमीन बघा."

"चिखल हाय."

"असू दे."

कपड्यांची सळसळ झाली. तळहात चिखलात आपटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "हितं जमीन संपतीय." आवाज इतका लहान होता की तोच माणूस बोलतोय हे खरं वाटेना.

"आता कडेकडं पाठ करा आणि माझ्या आवाजाकडं रांगत या."

ते रांगत आले. जीपमधली माणसं बघत होती, तरी कुणी हसलं नाही. त्यांचा हात माझ्या पायाला लागला, मग गुडघ्याला, मग त्यांनी माझा कोपर पकडला तो असा, की दुसऱ्या दिवशीही तिथं दुखत होतं. ताई आल्या. त्यांचा कोपर मी धरला, माझा अण्णांनी, आणि आम्ही तिघं चढाला लागलो. फडकं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

सभागृहात शिरलो. अण्णा खुर्चीत बसले. मग गाठ सुटून ओलं फडकं जमिनीवर पडल्याचं ऐकू आलं. कुणीतरी बाटलीतून पाणी ओतलं आणि ते प्यायले. मी मारामारीची वाट बघत होतो.

"मला तू कुठं सोडलंस, ते मला ठावं न्हाई," ते तरुणाला म्हणाले. "तूच सांग सगळ्यांना."

तो म्हणाला, "उताराला. तोंड खाली करून."

"का?"

"लोकांनी हसावं म्हणून. मोरीचं माझ्या ध्यानात न्हाई आलं."

"बस खाली," अण्णा म्हणाले. एवढंच. त्यांच्या गटातली माणसं कुजबुजत होती, त्यांनाही त्यांनी गप्प केलं. मग माझ्याकडे वळले. "भाई, तुमचं लई हाल हायेत. आज कळलं. आमच्या पंचायतीकडनं दर महिन्याला तुमाला धान्य देतो."

मला राग आला. म्हणालो, "अण्णा, मी बूथ चालवतो, घर चालवतो. माझे हाल नाहीत. आज तुम्हाला जे झालं ते आंधळेपण नव्हतं. विश्वासानं धरलेला हात माणसानं सोडला आणि रस्त्याला कठडा नव्हता, त्यानं झालं. ह्या दोन गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. धान्य नको."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अण्णा म्हणाले, "जरा जास्तच बोललात," आणि उठून गेले. बाईंनी शिबिर आवरतं घेतलं.

परतीच्या गाडीला बाई मला सोडायला आल्या. म्हणाल्या, "माझी चूक झाली." मी म्हणालो, पुढच्या वेळी फडकी आणू नका, गावांतल्या आंधळ्या-बहिऱ्या माणसांनाच बोलवा आणि सदस्यांना त्यांच्याशेजारी बसवा. भोरच्या शिबिरात त्यांनी तसंच केलं. ते सोपं गेलं नाही. दोन सदस्य शेजारी बसायला तयार होईनात आणि एक बहिरा माणूस चिडून निघून गेला. पण कुणाचा जीव धोक्यात आला नाही.

त्या शिबिराला पासलीच्या ताई मुद्दाम भोरला आल्या. बरोबर त्यांच्या जावेची मुलगी होती, जन्मापासून आंधळी. घरच्यांनी तिला शाळेत घातलं नव्हतं. कोपर पुढे करायला ताई तिच्याकडूनच शिकल्या होत्या. मुलीनं माझ्या काच उघडणाऱ्या घड्याळाच्या काट्यांवर बोटं फिरवली आणि विचारलं, "हे मला शिकवाल का?"

अण्णांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. वाडीचा रस्ताही, ऐकलं ते खरं असेल तर, त्या दोघांच्या भांडणात तसाच राहिला. मुलगी मात्र पुढच्या जूनमध्ये माझ्याच शाळेत, पुण्याला गेली. तिच्या शाळेचा फोन माझ्या बूथवर यायचा आणि निरोप मी पासलीच्या एसटीबरोबर पाठवायचो.