ढोलीचं लिव्हर

लाँड्रीतल्या इस्त्रीवालीला घरात कधी कुणी ताई म्हटलंच नाही. धाकट्या भावानं लहानपणी "ढोली" म्हटलं, आईबाप हसले, नि तेच नाव अंगाला चिकटलं. आता त्याच भावाचं लिव्हर संपलं होतं आणि तुकडा द्यायला जुळणारी घरात एकटी ढोलीच निघाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासून मान हलवली. "तुमच्याच लिव्हरात चरबी साचलीय. असा तुकडा घेता येणार नाही. तीन महिने देते, त्यापुढे भाऊ थांबू शकणार नाही. खाणं आवरा, व्यायाम करा."

"बाई, मी दहा तास पायांवर असते!"

"उभं राहणं वेगळं. दम लागला पाहिजे. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. आठवड्यातले पाच दिवस."

भावजयीला हे मिळमिळीत वाटलं. तिनं नणंदेला जिममध्ये नेऊन घातलं. "घाम नाही मावशी, धूर निघाला पाहिजे," म्हणत ट्रेनरनं तिला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं. चौथ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा सुजला. मोजून मिळालेल्या दिवसांतले पंधरा खाटेवर गेले.

ती लंगडत जिममध्ये परत गेली. "अरे गाढवा, रेशमावर कडक इस्त्री फिरवली तर सुरकुती जात नाही, रेशीम जातं! तुझी हौस, नि मरायचा माझा भाऊ!"

मग रोज लाँड्री उघडण्याआधी पाऊण तास ती झपझप चालू लागली. कोपऱ्यावरचे टवाळ ओरडायचे, "बाजूला व्हा रे, रोडरोलर आला!" ती धापा टाकत, पाय न थांबवता, त्यांचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार करायची. शिव्या देता येतायत पण सलग नाही, म्हणजे वेग बरोबर, हे तिचं माप.

मुदतीचे तीन महिने भरले तेव्हा दवाखान्यात वजनकाट्यापाशी नर्स खुदकन हसली. "एवढं चालून फक्त दोन किलो?"

"काट्यावरनं कापणार आहात का मला? आतलं बघा!"

आतलं बघितलं. चरबी निम्म्याहून कमी झाली होती. "काटा फारसा हलला नाही तरी व्यायामानं लिव्हर हलकं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशनची तारीख घेऊ."

आनंद व्हायला हवा होता. पण इतक्या वर्षांचा संताप उफाळून आला.

बाहेर बाकावर भाऊ हळदीसारखा पिवळा पडून बसला होता. "काय म्हणाल्या गं, ढोले?"

"देता येईल म्हणाल्या."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तिचा हात धरायला गेला, तसा तिनं झटक्यात मागे घेतला.

"ढोलीचं नाही मिळायचं. ताईचं हवं असेल तर बोल."

तो खाली बघत पुटपुटला, "ताई."

नंबर लावून बसलेली अख्खी रांग माना वळवून बघत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं म्हण."