समज कोणाला दिली

"तुमच्यात हे चालतंच की, मिस्त्री. त्यात एवढं काय घेऊन बसलात?"

बाई असं म्हणाल्या. हसून म्हणाल्या. समोर चहाचा कप, कपावर बशी झाकलेली. माझी पोरगी कांता माझ्या शेजारी उभी. डोक्याला फडकं बांधलेलं, फडक्यातून कानाचा कापूस बाहेर आलेला. आणि बाई म्हणतात, तुमच्यात.

तुमच्यात म्हणजे कोणात, हे मला विचारायची गरज न्हवती. आत येताना मी जयभीम घातला होता. तवाच बाईंनी मान खाली घालून वही उघडली होती.

हिंगोली जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. नव्या जिल्ह्यात नवी हापिसं, नव्या पाट्या. ही पाटी महिला सल्ला केंद्राची. पैसा सरकारचा, चालवणारी संस्था शहरातल्या मोठ्या लोकांची. मी गवंडी माणूस. कुठंबी गेलो की आधी भिंतीकडं बघतो. पाटी नवी होती, भिंतीला ओल होती, आणि ओलीवरून रंग मारलेला. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. तरी आत गेलो. पण माझी चूक ती न्हाई. माझी चूक दुसरीच, ती पुढं सांगतो.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडं. कांताला दिली होती हट्ट्याकडच्या एका गावात. जावई कापसाच्या जिनिंगवर कामाला. लग्नाला चार वर्षं झाली, लेकरू न्हाई. पहिल्यांदा मार खाऊन आली तेव्हा मी तिला दोन दिवस ठेवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी यष्टीत बसवून दिली. "हात उचलला म्हणून घर सोडायचं असतं व्हय?" असं मीच म्हणालो. दुसऱ्यांदा आली तेव्हाबी तसंच. मी ताठ मानेनं जगलेला माणूस. कोणाच्या दारात वाकलो न्हाई, कोणी वरून टाकलेली मजुरी उचलली न्हाई, हातात दिली तरच घेतली. पोरगी माहेरी बसली म्हणून पारावर कोणी माझ्याकडं बघून हसावं, हे मला सोसणार न्हवतं. माझी मान ताठ राहावी म्हणून मी तिची मान दोनदा त्याच्या हातात दिली. आता हे सांगतो. तेव्हा कळत न्हवतं असं म्हणणार न्हाई. कळत होतं.

तिसऱ्यांदा आली ती दुपारची, उन्हात, बाळापूरहून चालत. डाव्या कानातून रक्त आणि पाणी. डॉक्टर म्हणाला, पडदा फाटलाय, या कानानं आता ऐकू येणार न्हाई.

तिची माय चुलीपाशी बसली होती. उठली न्हाई, रडली न्हाई. म्हणाली, "आता हिला धाडली तर मीबी हिच्यासंगं जाते. दोघींचा मार एकदाच खाऊ."

मग तिनं डाळीच्या डब्याखालून एक पिवळा कागद काढला. गावात मागं एक पांढरी गाडी आली होती, वर भोंगा. 'मार सहन करू नका, मदत मागा, केंद्र तुमच्या पाठीशी आहे.' बायांना कागद वाटले होते. तवा मी म्हणालो होतो, फुकट कोणी भोंगा लावीत न्हाई, यांना आपल्याकडून काहीतरी पाहिजे. बायकोनं ऐकून घेतलं होतं आणि कागद लपवून ठेवला होता. तो कागद घेऊन आमी गेलो, आणि बाईंनी आमाला 'तुमच्यात' सांगितलं.

तरी बाईंनी तक्रार लिहून घेतली. जावयाला पत्र धाडलं. पंधरा दिवसांनी सगळ्यांना बोलावलं.

जावई आला इस्त्रीचा शर्ट घालून. संस्थेच्या अध्यक्षांच्या ओळखीचा एक माणूस संगं घेऊन आला. त्याला खुर्ची मिळाली. मी भिंतीला टेकून उभा. बाई त्याला 'दादा' म्हणत होत्या. मला 'मिस्त्री, जरा सरका, उजेड अडतो.' सरकलो.

कांताला स्टुलावर बसवलं. बाई बसल्या होत्या तिच्या डाव्या अंगाला. फुटका कान बाईंकडं, चांगला कान रस्त्याच्या खिडकीकडं, बाहेर गाड्यांचा कलकलाट.

मारानं तो कान आधीपासूनच मंद झाला होता, तवापासून कांताला एक सवय लागली होती. कोणाचे ओठ हलले की ती मान हलवायची. होकाराची. नवऱ्याकडं 'काय?' असं विचारलं की 'बहिरे' म्हणून वर दुसरा तडाखा बसायचा, त्यातून लागलेली सवय. घरात आमाला ती ठाऊक होती. मला ठाऊक होती. बाई काहीतरी विचारत गेल्या, कांता मान हलवत गेली, बाई लिहीत गेल्या. आणि मी गप. काहून गप? जावई मान खाली घालून बसला होता म्हणून. मी त्याच्या झुकलेल्या मानेकडं बघत होतो आणि मला गार वाटत होतं. पोरीकडं माझं ध्यानच न्हवतं.

बाईंनी कागद पुढं केला. "यात समज दिलेली आहे. पुन्हा असं होणार नाही. सही येते का अंगठा?"

समज दिली. मी म्हणालो, बराबर. जो मारतो त्यालाच समज देणार. दुसऱ्या कोणाला देतील?

मी तिसरीतून शाळा सोडली. छापील अक्षर वाचतो, अडखळत वाचतो. बाईंचं अक्षर धावतं, एकातून दुसरं निघालेलं. मला एक ओळ लागेना. 'वाचून दाखवा' म्हणायला तोंड उघडलं. आणि मिटलं. जावयासमोर म्हणू की मला वाचता येत न्हाई? त्या खुर्चीतल्या माणसासमोर?

"सही येते," मी म्हणालो.

माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. सगळं पुरं लिहिलं, एक एक अक्षर सुटं, दगड बसवावा तसं. बाई म्हणाल्या, "वा मिस्त्री! झकास सही आहे हो." मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

पायऱ्या उतरताना कांतानं विचारलं, "आबा, काय ठरलं?"

तिला काहीच ऐकू आलं न्हवतं, हे मला तिथंच कळायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "त्याला समज दिली. आता हात लावणार न्हाई." मग ती त्याच्या मागं गेली. घरी तिच्या मायलाबी मी तेच सांगितलं, कागद झालाय म्हणालो, म्हणून ती थांबली.

दोन-अडीच महिन्यांनी माझ्या नावाचं पत्र आलं. छापील. जावयाच्या गावात महिला जागृती मेळावा, आणि सत्काराला मी. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापून आलं होतं. मी ते पत्र पारावर चौघांना दाखवलं. बायको म्हणाली, "सत्कार कशाचा ते विचारलं का? पोरगी कशी हाये ते बघा आधी, मग टोपी घाला." मी म्हणालो, तुला काय कळतं.

शाळेपुढं मांडव. तीच पांढरी गाडी, तोच भोंगा. बाया एकीकडं, गडी एकीकडं. मला पहिल्या रांगेत बसवलं. भाषणं झाली. मग माईकवर कांताचं आणि जावयाचं नाव पुकारलं. जोडीनं आले. तिच्या अंगावर नवं हिरवं लुगडं, पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढलेला. बाईंनी नारळ पुढं केला. कांतानं डावा हात पुढं केला.

"अगं डावा नको, उजवा कर!" बायांतून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. बाईबी हसल्या.

उजवा हात पदरातून निघेना. हसण्यात मीबी सामील होतो. मग थांबलो. मी गवंडी. हात कसा उचलतो, कुठं लचकतो, मला कळतं. तो हात लाजून आत राहिला न्हवता. तो उचलतच न्हवता.

तेवढ्यात मला वर घेतलं. अध्यक्षांनी टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी घातली. टाळ्या. अध्यक्ष माईकवर म्हणाले, "मोडायला निघालेला संसार आमच्या केंद्रानं जोडला. पण त्याचं अर्धं श्रेय या बापाला. असा बाप गावागावात पाहिजे. काय लिहून दिलंय यांनी, ऐका."

आणि त्यांनी कागद वाचला. भोंग्यावर. अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा.

"मुलीस पतीच्या घरी नीट वागण्याबाबत समज देण्यात आली. मुलगी राजीखुशीने नांदावयास तयार आहे. मुलीचे वडील लिहून देतात की, यापुढे क्षुल्लक कारणावरून मुलीस माहेरी ठेवून घेणार नाही."

पुन्हा टाळ्या.

समज मुलीला. फाटलेला पडदा क्षुल्लक. आणि खाली माझं पुरं नाव.

मी म्हणालो, "पुन्हा वाचा."

अध्यक्ष हसले. "वाचलं की बाबा. बसा आता."

"समज कोणाला दिली, तेवढंच पुन्हा वाचा."

"मिस्त्री, खाली बसा," बाई दातातून म्हणाल्या. "कार्यक्रम आहे."

मी कांताच्या उजव्या अंगाला गेलो. चांगल्या कानात विचारलं. माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "कांता, त्या दिवशी बाईंनी काय विचारलं होतं तुला?"

"मला ऐकू नाही आलं, आबा."

"मग हो काहून म्हणालीस?"

"मी सगळ्यालाच हो म्हणते."

जावई पुढं आला, "मामा, घरचं घरी बोलू." मी त्याच्याकडं बघितलं न्हाई. कांताचा पदर बाजूला केला. मनगट सुजून काळंनिळं, वर चिंधी गुंडाळलेली. हाड मोडून आठ दिवस झाले होते, हे मागाहून दवाखान्यात कळलं. त्या हातावर नवा हिरवा पदर ओढून तिला माईकपुढं आणली होती. आणि बाई तिच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या.

मी अध्यक्षांना म्हणालो, "ती सही माझी हाये. मी वाचता येत असल्याचं ढोंग केलं. मी ती सही मागं घेतो."

"सही मागं घेता येत नसते, बाबा."

"मग पोरगी मागं घेतो."

टोपी काढली, टॉवेल काढला, त्यांच्या खुर्चीवर ठेवला. कांताचा डावा हात धरला आणि तिला खाली उतरवली. बायांच्या रांगेतून चाललो. एकीनं कांताची चप्पल वर राहिली होती ती आणून दिली. दुसरी एक म्हातारी नुसती उठून उभी राहिली. बाकीच्या जमिनीकडं बघून राहिल्या. मागून अध्यक्षांचा आवाज आला, भोंगा चालूच होता: "भलं करायला जावं तर यांची ही जात."

ते वाक्य तिथल्या प्रत्येकानं ऐकलं. नंतर साक्ष द्यायला मात्र कोणाला आठवलं न्हाई.

ठाण्यात गेलो तर जमादार म्हणाला, "पहिला समझोता झालाय ना? खाली सही तुमचीच दिसते." माझीच सही माझ्या पोरीच्या आडवी उभी. चार वेळा परत धाडलं. पाचव्या वेळेला आमी दोघं पायरीवर बसून राहिलो, उठलो न्हाई, तवा त्यानं कागद ओढला.

"सांगा," तो म्हणाला. माझ्याकडं बघून म्हणाला.

मी सुरू केलं, "लिव्हा, माझ्या पोरीला लग्न झाल्यापासून..."

"आबा, थांबा," कांता म्हणाली. "मी सांगते. ते जमादार साहेबांना म्हणा, या बाजूनं बोला."

जमादारानं खुर्ची सरकवली. तिनं सगळं सांगितलं. कशानं मारलं, कुठं मारलं, सासू दार कसं लावून घ्यायची. मला ठाऊक नसलेलं किती निघालं. मग ती म्हणाली, "दोनदा मी माहेरी पळून आले. दोन्ही टायमाला माझ्या बापानं मला परत धाडलं. तिसऱ्यांदा बापानं न वाचता सही केली."

जमादाराचा पेन थांबला. "हे बी लिहू?" त्यानं मला विचारलं.

"तिला विचारा," मी म्हणालो.

"लिहा," कांता म्हणाली.

सगळं झाल्यावर मी म्हणालो, आता वाचून दाखवा, मला धावतं अक्षर वाचता येत न्हाई. भर ठाण्यात म्हणालो. वाचून घेतलं, दोन ठिकाणी दुरुस्त करून घेतलं, मग कांतानं डाव्या हातानं सही केली.

कोर्टात तारखा पडत राहिल्या. केंद्राच्या बाई समोरच्याच्या बाजूनं साक्षीला आल्या, माझी सही घेऊन. आमच्या वकिलानं मला बाजूला घेतलं. चांगला माणूस, आमच्याच समाजातला, फुकट उभा राहिलेला. तरी त्याच्यावरबी मी नजर ठेवून होतो. तो म्हणाला, "काका, ते बापाचं वाक्य आपल्याला नडतंय. बापानंच परत धाडली म्हणजे छळ एवढा नसेल, असं ते म्हणणार. तुमी साक्षीत सांगा की पोरगी घाबरली होती, जमादारानं वाढवून लिहिलं. तुमची अब्रूबी वाचते, केसबी सावरते."

अब्रू म्हणल्याबरोबर मी ओळखला तो रस्ता. त्याच रस्त्यानं मी तिला दोनदा यष्टीत बसवली होती.

मी म्हणालो, "वकील साहेब, ते खरं हाये. मी पिंजऱ्यात उभा राहून तेच सांगणार. केस पडली तर पुन्हा लढू. पण तिचा कागद आता कोणी दुसरा लिहिणार न्हाई. ना ती बाई, ना तुमी, ना मी. तिनं सांगितलंय, त्यातलं एक अक्षर हलवायचं न्हाई."