मन्मथअप्पांच्या शाळेचं मागचं दार

आमच्या अण्णांनी पोटच्या पोरीवर पाळत ठेवली होती.

ती पोर, माझी थोरली बहीण मालनअक्का, आज सकाळी गेली. नव्वदी ओलांडली होती, तरी रोजचा पेपर पहिला तिला लागायचा.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमच्या झरी गावात मन्मथअप्पांनी स्वतःच्या जागेत खाजगी शाळा बांधायला काढली. अप्पा कापसाचे व्यापारी. आर्किटेक्ट कुठला आणणार? प्लॅन त्यांचाच. जमिनीवर चुन्याची फक्की मारून गावाला दाखवला.
एक मोठी खोली, रस्त्याकडे एक दार.

अण्णांनी आपल्या बैलगाडीनं दगड वाहिला.

दाराची चौकट बसली तेव्हा हळदकुंकू, नारळ, गावभर गूळखोबरं. रीतच ती.

मग एक दिवस अण्णांना मागच्या भिंतीत दुसरी चौकट दिसली. आत एक आडभिंतही उठली होती.
नारळ नाही, कुणाला बोलावणं नाही.

अण्णांचं डोकं फिरलं.

"चोरून चौकट बसवलीय. ह्या दारातून कोन येनार?"

आई म्हणाली, "आसंल हवेसाठी."

"हवेला कडी लागती व्हय? अमीनाला मागून आत घ्यायचं, मास्तर काय शिकवायलाय ते ऐकवायचं. ह्यो मानूस सरकारचा हाय!"

अमीन म्हणजे तेव्हाचा पोलीस इन्स्पेक्टर. खाजगी शाळांवर त्यांचा डोळा असायचाच. कोण कुणाला जाऊन सांगेल, भरवसा नव्हता.
अण्णांनी अप्पांशी बोलणं टाकलं.

शाळा सुरू झाली. आणि अक्काला आडावरून पाणी आणायला फार वेळ लागायला लागला.

"आडाला पानी आटलं का?" अण्णा विचारायचे.

"लय गर्दी ऱ्हाती," आई सांगायची, भाकरीवरची नजर न काढता. मला तेव्हाच शंका आली होती, पण धाकटीला कोण विचारतंय?

एका सकाळी अण्णा अक्काच्या मागे निघाले. आडाची वाट शाळेच्या मागून जायची. भरली घागर घेऊन अक्का त्या मागच्या दारात शिरली.

अण्णाही शिरले.

आडभिंतीला जाळी. पलीकडे मास्तर मुलांना शिकवतायत. अलीकडे चार-पाच पोरी पाट्या घेऊन बसलेल्या, शेजारी घागरी. अक्का हळू आवाजात वाचत होती. अण्णांना बघून थांबली.

मन्मथअप्पा धावत आले. "रामराव, आधी सांगितलं आसतं, तर पोरगी धाडली आसती का तुमी?"

अण्णांना खोटं बोलता यायचं नाही.
"न्हाई," म्हणाले, आणि घरी आले.

अक्का दिवसभर चुलीपाशी बसून राहिली. शिक्षण संपलं, असंच तिनं धरलं होतं. रडलीही नाही.

जेवताना अण्णा म्हणाले, "उद्यापासून पानी मी भरतो. हिनं थेट शाळंत जायचं."

आईचा हात थांबला. "बाप्या मानूस घागर घेऊन आडावर? लोक काय म्हनतील?"

"मी अप्पावर घेतला, आता लोकांना घेऊ दे की माझ्यावर संशय!"

अक्का, तुझ्यामागून मीही शिकले, म्हणून आज हे लिहिता आलं.
सुखानं जा गं. तुझ्या धाकटीचा तुला नमस्कार.