अक्काच्या वेळेची वही

माझं आजवरचं सर्वांत गाजलेलं पत्रक माझ्याच विरुद्ध होतं, आणि ते मीच वाटलं.

गोष्ट चारपाच वर्षांपूर्वीची. आम्ही तिघं भावंडं नाशकात रविवार कारंज्याजवळ दोन खोल्यांत राहत होतो. दादा आणि अक्का एकाच कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी चळवळीत होतो. (म्हणजे शिकवत नव्हतो आणि शिकतही नव्हतो.) दादा कायम झालेला, अक्का तात्पुरती. शनिवारपर्यंत सिन्नरच्या यादवांवरचा निबंध दिला तर ती कायम होणार, नाहीतर जूनपासून घरी.

आणि कॉलेज तिला लिहू देतंय कुठे? प्रोफेसर पुरुष असला की त्याला अभ्यासाला वेळ. बाई असली की मुलींच्या खोलीवर देखरेख, संमेलनाच्या पडद्याला झालर, प्राचार्यांकडे पाहुणे आले की चहा! माझं रक्त उसळलं. (ते आठवड्यातून तीनदा उसळायचं, पण हे खास होतं.) ठरवलं, पत्रक काढायचं, तेही पुराव्यासकट. सोमवारी सकाळी दोघांच्या हातात एकेक वही ठेवली. "काय केलं, किती वेळ, सगळं लिहायचं."

दादा आरामखुर्चीत डोळे मिटून पडला होता. "आत्ता मी काय करतोय म्हणून लिहू?"

"झोप."

"चिंतन," दादा म्हणाला आणि तसं लिहिलं.

अक्कानं वही उलटसुलट करून पाहिली. "वसंता, ही लिहायला वेळ कुठून आणू?"

"तोही लिही. अन्याय लपवायचा नाही."

"सगळं लिहू? नक्की?"

"मिनिटन् मिनिट."

असं मी म्हणालो. दादा साक्षीदार आहे.

मंगळवारी मी 'चालकांनो, जबाब द्या!' हे पत्रक लिहून छापखान्यात नेलं. इब्राहिमभाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला. "वसंतराव, हे मराठीच आहे ना? आमच्या उर्दूवाल्यालाही दाखवलं. तो म्हणतो, आमचं नाही."

अक्काचं अक्षर मोत्यासारखं. तिनं यादव बाजूला ठेवले आणि पत्रक उतरवून दिलं. मग मला ते मवाळ वाटलं. मी पुन्हा जहाल केलं, तिनं पुन्हा उतरवलं. तेवढ्यात माझे आठ सोबती आले. शिकलेल्या बाईला चहाला जुंपणं हा रानटीपणा आहे, असा ठराव आम्ही एकमतानं मंजूर केला. अक्का चहा घेऊन आली म्हणून जरा थांबलो होतो, तेवढंच.

गुरुवारी दोन्ही वह्या न उघडताच छापखान्यात दिल्या. "पत्रकाखाली जशाच्या तशा छापा. शब्द बदलायचा नाही."

इब्राहिमभाईंनी चारदोन पानं उलटली आणि चष्मा काढला. "आपण हे वाचलंय ना?"

"पुरावा वाचायचा नसतो, इब्राहिमभाई. तोंडावर फेकायचा असतो."

"बरं," ते म्हणाले. "तोंड तुमचं."

संध्याकाळी प्रूफ आलं. ते अर्थात अक्काकडेच गेलं. तिनं एक चूक दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

शुक्रवारी मी कॉलेजच्या फाटकात उभा. एरवी माझ्या पत्रकांच्या शेंगदाण्याच्या पुड्या व्हायच्या. त्या दिवशी लोक वाचत होते! घोळका करून, एकमेकांना दाखवून. मला वाटलं, क्रांती आली. इतक्यात एक विद्यार्थी म्हणाला, "वसंतराव, अक्काबाईंचा मंगळवार वाचलात?"

मी वाचला.

'कॉलेजचे वर्ग, तीन तास. झालर, एक तास. दादाच्या वर्गाच्या वह्या तपासल्या, एक तास. वसंताचं पत्रक उतरवलं, दोन तास. तेच पुन्हा, दोन तास. वसंताच्या मित्रांना चहा, पाऊण तास. ही वही, पाव तास. निबंध, वेळ मिळाला नाही.'

शेजारी दादाचा मंगळवार होता. 'वर्ग, दोन तास. चिंतन, चार तास. गोदेच्या काठी फेरी, चिंतनासाठी.'

प्राचार्यांनी खोलीत बोलावलं. ते चिडले नाहीत, हीच पंचाईत. "झालर आणि चहा आजपासून बंद. निबंधाला पंधरा दिवस वाढवून देतो. आमचा जबाब झाला. आता तुमचा?"

मला खोकला आला.

घरी येऊन अक्काला विचारलं, "प्रूफ तूच पाहिलंस ना? मग ते काढलं का नाहीस?"

"शब्द बदलायचा नाही, असं तूच छापखान्यात सांगितलं होतंस ना? एकच चूक होती. उतरवायला दीड तास छापलं होतं, ते दोन केले."

ते पंधरा दिवस मला अजून आठवतात. दादा आपल्या वह्या आपण तपासत होता, दर पानाला उसासा टाकून. मी चहा करायचो. तो प्यायल्यावर आठांपैकी एकही सोबती फिरकला नाही, आणि घर शांत झालं. खिडकीपाशी अक्काचा टाक कुरकुरत असायचा. मधेच ती सिन्नरच्या देवळाबद्दल एखादं वाक्य वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं, काही न कळता, माना डोलवायचो. निबंध वेळेवर गेला. अक्का कायम झाली.

आता ती नागपूरच्या कॉलेजात आहे आणि खिडकीपाशी दादाची आरामखुर्ची आली आहे. वही मी जपून ठेवली आहे. त्या पंधरवड्यातली शेवटची नोंद अशी: 'वसंतानं चहा केला, अर्धा तास. नंतरची आवराआवर, एक तास.'

हा लेख मी स्वतःच्या हातानं लिहिला. इब्राहिमभाईंनी दोनदा परत पाठवला. तिसरी प्रत दिवाळीच्या सुट्टीत मोत्यासारख्या अक्षरात गेली. ती कोणी काढली ते विचारू नका. वहीत नोंद झाली आहे.